साडेतीन ओळींचं आभाळ

२ एप्रिल २०२२, शनिवार, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भापासून खानदेशापर्यंत माणसांनी एकदम माना वर केल्या. आभाळात लाल-पिवळ्या ज्वाळांची एक रांग वरातीतल्या घोड्याच्या चालीनं सावकाश सरकत होती. उल्का अशी रमतगमत जात नाही. "ते बघ" म्हणेपर्यंत ती गेलेली असते आणि बघणारा उगाच "हो हो, दिसली" म्हणतो. ही रांग मात्र मोबाईल शोधायला, तो चार्जिंगवरून काढायला, कॅमेऱ्याची काच सदऱ्याला पुसायला आणि शेजारच्याला हाक मारायला पुरेल इतका वेळ दिसत राहिली. त्यामुळे तिचे व्हिडिओ निघाले. व्हिडिओ निघाले म्हणजे कविताही निघाल्याच. त्या रात्रीची चारोळी साधारण अशी असणार:

तेजाची तोरणे लावून
नभाने पाडवा केला
तुझ्या येण्याचा निरोप
ताऱ्यांनी मला दिला

निरोपाचा एक भाग चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात पडला. सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं होतं ते. आसपासच्या शिवारांत धातूचे गोळेही सापडले. चीनच्या लाँग मार्च ३-बी या रॉकेटचा तिसरा टप्पा वर्षभर पृथ्वीभोवती फिरून खाली येताना वातावरणात जळला असावा, असा अंदाज अभ्यासकांनी बांधला. रॉकेट फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेलं. इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन तुकडे पाहून गेले. प्रेयसीचा निरोप पोलीस ठाण्यात जमा होण्याचा मराठी कवितेतला हा बहुधा पहिलाच प्रसंग. गुढीवर तांब्या उपडा घालायची आपली पद्धत. त्या वर्षी वरच्यानंही एक-दोन गडू खाली टाकले, एवढं म्हणून घरोघरीच्या आजीबाई पुरणपोळीकडे वळल्या असतील.

अशा चारोळ्या भरघोस पिकतात त्यांतला एक मुलूख म्हणजे हिंगोली. हा जिल्हा विदर्भाला चिकटलेला आहे. वाशीम एका अंगाला, यवतमाळ दुसऱ्या. जिल्हा म्हणून वय कोवळं: १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. या पाच तालुक्यांत हळद जास्त की कवी जास्त, हा वाद घालण्यात अर्थ नाही. हळदीची निदान मोंढ्यात आवक मोजली जाते.

इथला कवी बहुधा सर असतो. शाळेत सर नसला तरी कवितेमुळे सर होतो. त्याच्याकडे दोन-चार एकर असते, मोटारसायकलच्या डिकीत वही असते, आणि वहीत निसर्ग असतो. या निसर्गात गेली काही वर्षं मोठा बदल झाला आहे. पूर्वी वहीत पाऊस, पाखरं, बांध आणि बाप असायचे. आता नॉर्वे आला आहे.

याला कारण १० मे २०२४ ची रात्र. सूर्यावरच्या एका दांडग्या डागसमूहातून, ज्याला शास्त्रज्ञांनी १३६६४ असा एसटीच्या पासावर शोभेलसा क्रमांक दिला होता, एकामागून एक स्फोट झाले. त्यांतून सुटलेले विद्युतभारित कण पृथ्वीवर येऊन आदळले आणि २००३ नंतरचं सगळ्यांत जबर चुंबकीय वादळ उठलं. ध्रुवाजवळ दिसणारे अरोराचे रंगीत पडदे पार खालच्या अक्षांशांपर्यंत उतरले. लडाखमध्ये हानले इथल्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी क्षितिजावरची लाली टिपली. त्या दिवशी तिथी होती अक्षय्य तृतीया.

इथे जरा थांबावं लागतं. रॉकेट पाडव्याला, अरोरा अक्षय्य तृतीयेला. पुढचं मोठं वादळ १० ऑक्टोबर २०२४ च्या रात्री आलं आणि हानलेचं आभाळ पुन्हा लाल झालं. दसरा १२ तारखेला होता. दोन दिवसांची चूक पंचांगाच्या हिशेबात माफ आहे. साडेतीन मुहूर्तांपैकी तीन आभाळानं गाठले. उरलेला अर्धा म्हणजे दिवाळीचा पाडवा, त्याची सोय फटाक्यांची दुकानं करतात. सूर्य पंचांग बघून डाग पाडत नाही हे कवीला ठाऊक आहे. पण अशी जुळणी हाती आल्यावर ती सोडून देणारा माणूस कवी नव्हे, तो लेखापरीक्षक.

तर त्या मे महिन्यात हिंगोलीत रात्री अकरालाही भिंती तापलेल्या, कूलरच्या टाकीत पाणी ओतायची कोणाची पाळी यावर घराघरात वाद, आणि मोबाईलवर मात्र युरोप-अमेरिकेचं गुलाबी-हिरवं आभाळ. सरांनी वही काढली.

उत्तरेच्या आभाळात
हिरवा पडदा हलला
तुझ्या आठवणीचा दिवा
माझ्या मनात जळला

स्वयंपाकघरातून प्रश्न आला, "कुठला हिरवा पडदा? बैठकीतला का?"

चारोळीची ही रचना पाहण्यासारखी आहे. पहिल्या ओळीत उत्तर ध्रुव, दुसऱ्यात भौतिकशास्त्र, आणि तिसऱ्या ओळीत प्रेयसी हजर. कितीही लांबून सुटलेली मराठी चारोळी तिसऱ्या ओळीत त्याच थांब्यावर येते. चौथी ओळ खरं तर अर्धीच असते. 'हलला'ला 'जळला' जुळवून दिला की तिचं काम संपतं. चार ओळींची म्हणून चारोळी म्हणायचं, पण माल साडेतीन ओळींचाच. 'मी माझा'मधून चंद्रशेखर गोखल्यांनी हा प्रकार घराघरात नेला, तेव्हापासून ज्याला चार ओळी लिहिता येतात तो कवी आणि ज्याला तीन येतात तो हायकूकार. हायकू मराठीत शिरीष पैंनी आणला आणि निगुतीनं जपला. पण हायकूला एक अट आहे: समोर जे दिसतं तेच लिहायचं. ही अट हिंगोलीच्या माणसानं अरोराबद्दल कशी पाळावी?

आधी शब्दापाशीच घोडं अडतं. 'ध्रुवीय प्रकाश' हा शब्द अचूक आहे, पण तो पाठ्यपुस्तकातून सुटी न घेता आल्यासारखा वाटतो. 'मेरुप्रभा' म्हटलं तर ऐकणाऱ्याला ते मुलीचं नाव वाटतं. 'अरोरा' म्हणावं, तर नरसी नामदेवला पंजाबातून जे भाविक येतात त्यांच्यात हे आडनाव भेटतं. गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं असल्यामुळे नरसीला पंजाबचा राबता आहे. "आभाळात अरोरा दिसला" हे वाक्य तिथे जपून बोलावं.

मग रंग. अरोराचा हिरवा आणि लाल, दोन्ही ऑक्सिजनचेच. जमिनीपासून शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवर तो हिरवा उजळतो, दोनशेच्या वर गेला की लाल. निळा-जांभळा नायट्रोजनचा. हानलेहून पडद्याचा फक्त वरचा काठ क्षितिजावर डोकावतो, म्हणून तिथे लाल तेवढा दिसला. त्यातही गंमत अशी की साध्या डोळ्याला हा प्रकार पुष्कळदा राखाडी धुरकटच दिसतो. रंग कॅमेरा गोळा करतो. म्हणजे नॉर्वेच्या माणसालाही मोबाईलमध्येच बघावं लागतं आणि सेनगावच्यालाही. फरक थंडीचा.

शिवाय हिंगोलीचा अक्षांश काही अगदीच हताश नाही. ४ फेब्रुवारी १८७२ ला उठलेल्या चुंबकीय वादळात मुंबईच्या आभाळात अरोरा दिसल्याचं टाइम्स ऑफ इंडियानं तेव्हा छापलं होतं. मुंबई-एडन समुद्री तारेत व्यत्यय आला. कुलाब्याच्या वेधशाळेतले चुंबक तर १८५९ च्या वादळातही असे थयथयले होते की त्या नोंदी आजही जगभरचे अभ्यासक काढून बघतात. पुढे मुंबईत विजेची ट्राम यायची ठरली, चुंबकांना तिचा त्रास नको म्हणून १९०४ मध्ये त्यांचं बिऱ्हाड अलिबागला हललं. मुंबईहून हिंगोली थोडी उत्तरेलाच आहे. १८७२ मध्ये इथे निजामाचं राज्य होतं आणि हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. रात्रीच्या पहाऱ्यावरच्या एखाद्या शिपायानं उत्तरेला लाली पाहिली असती, तर त्यानं कविता केली नसती, बिगूल वाजवला असता.

न बघता लिहिण्याबद्दल मात्र कवीला दोष देता येत नाही. लोकमान्य टिळकांनी पुण्यात बसून वेदांतल्या लांबलचक उषांचा माग काढत आर्यांना थेट उत्तर ध्रुवापर्यंत नेऊन सोडलं आणि १९०३ मध्ये त्यावर अख्खा इंग्रजी ग्रंथ काढला. त्यांच्यापाशी ऋग्वेद होता, सरांपाशी व्हॉट्सॲप आहे. साधनांत फरक पडणारच.

खरी चमत्कारिक गोष्ट वेगळीच आहे. हिंगोलीच्या आभाळात रात्री रंगीत दिवे कमी नाहीत. पण ते कवितेत घ्यायचे नाहीत, असा अलिखित ठराव झालेला दिसतो.

लग्नसराई घ्या. डीजेच्या गाडीवर 'शार्पी' बसवतात. त्या शार्पीचे निळे-जांभळे झोत आभाळात असे फिरतात की तीन गावांपलीकडल्या माणसाला वरात कुठवर आली ते कळतं. नवरदेव घोड्यावर, मामा घामात, आणि वर शंभर-दोनशे मीटरपर्यंत अरोरा. ऑक्सिजनची गरज नाही, जनरेटरला डिझेल तेवढं पुरवावं लागतं. आणि दसरा! हिंगोलीच्या रामलीला मैदानावरचा दसरा दीडशेहून जास्त वर्षांचा आहे. जिल्ह्यातला माणूस तो म्हैसूरच्या खालोखाल आहे असं सांगतो. म्हैसूरच्या माणसाला कोणी विचारत नाही. रावण पेटतो, आतषबाजी होते, आणि आभाळात स्ट्रॉन्शियमचा लाल, बेरियमचा हिरवा, तांब्याचा निळा, सोडियमचा पिवळा एकदम फुटतो. इतके रंग इतक्या जवळून नॉर्वेतही दिसत नाहीत. पण सरांच्या वहीत रावणदहनावर एकच कविता आहे, आणि तीत रावण म्हणजे भ्रष्टाचार.

२०२४ च्या जून-जुलैत मराठवाड्यात आणखी एक प्रकार झाला. बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर अशा जिल्ह्यांत रात्री गावांवर ड्रोन घिरट्या घालू लागले. लाल-हिरवे दिवे लुकलुकायचे. चोरीच्या धास्तीनं माणसं काठ्या घेऊन गच्चीवर बसली, पोलीस गस्त घालू लागले, विषय विधिमंडळापर्यंत गेला. महिना-दीड महिना अख्खा मुलूख रात्र रात्र आभाळ बघत होता. खगोल मंडळांना इतक्या वर्षांत जे जमलं नाही ते एका रिमोटनं केलं. विनोदाचा भाग सोडला तर त्या रात्री भीतीच्याच होत्या, आणि कदाचित म्हणूनच त्यांच्यावर चारोळी झाली नाही. चारोळीत भीती बसत नाही. विरह बसतो.

वीज हा तर आभाळातला सगळ्यांत जुना रोषणाईवाला. तिच्यासाठी कवींनी चपला, सौदामिनी, दामिनी असे शब्द शतकानुशतकं जपून ठेवले. मग पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं वीज पडण्याचा इशारा देणारं ॲप काढलं आणि नाव ठेवलं 'दामिनी'. आता शिवारात कोणी "दामिनी बघ" म्हणालं की माणूस आभाळाकडे न बघता खिशात हात घालतो. मराठवाड्यात दर पावसाळ्यात वीज पडून माणसं आणि गुरं दगावतात, तेव्हा हेच योग्य आहे. कवितेचा एक शब्द गेला एवढंच. तो असाही वापरून झिजला होता.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे औंढा. नागनाथाच्या या गावाजवळ, दुधाळा शिवारात, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे. एकमेकींना काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आत निर्वात नळ्या, नळ्यांत लेझर. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं २,६०० कोटी रुपये मंजूर केले. जिल्ह्याच्या इतिहासातला सगळ्यात महागडा प्रकाशझोत! कवींनी पेनं सरसावली, आणि मग कळलं की हा लेझर अवरक्त असतो, डोळ्याला दिसत नाही, आभाळाकडे तर जातच नाही. तो जमिनीलगत नळीत येरझाऱ्या घालतो आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी कुठे तरी दोन कृष्णविवरं आदळली असतील तर त्यानं भुजेची लांबी प्रोटॉनपेक्षाही कितीतरी कमी अंतरानं बदलली का, एवढंच बघतो. डीजेवाल्याला हे समजावून सांगायला गेलं तर तो विचारील, "मंग लावायचा काहून?"

औंढ्याचं आणि कवितेचं नातं मात्र लायगोहून जुनं आहे. नामदेवांना विसोबा खेचर इथेच भेटले असं सांगतात. आणि दुसरी आख्यायिका तर प्रत्येक कवीला तोंडपाठ असते: देवळासमोर कीर्तन करायला पुजाऱ्यांनी मनाई केली, नामदेव मागच्या बाजूला जाऊन गाऊ लागले, आणि ऐकायला देऊळच फिरलं. नंदी मागे राहिला तो आजही मागेच आहे, असं दाखवतात. या गोष्टीनं जिल्ह्यातल्या कवींचं फार नुकसान केलं आहे. जिथे अभंगाला देऊळ फिरलं, तिथे आपण वाचायला उभं राहिल्यावर पहिल्या रांगेतला माणूस मोबाईलवरून मानसुद्धा फिरवत नाही, हे सोसायला काळीज लागतं.

तर कोजागरी. जिल्ह्यातल्या कुठल्याही बऱ्यापैकी गावात ही रात्र अशीच जाते. मंदिराच्या पटांगणात कढई चढलेली, दूध आटतंय, वर केशर, वेलची आणि चारोळी. खरी चारोळी, खाण्याची. कवितेच्या चारोळ्यांचं सत्र खरं तर त्यानंतरचं, पण दूध पिऊन मंडळी उठून जाऊ नयेत म्हणून संयोजकांनी धूर्तपणे ते आधी ठेवलं आहे. सर माईक घेतात. कविता चार ओळींची, प्रस्तावना अकरा मिनिटांची. तीत सूर्यावरचे डाग येतात, हानले येतं, नामदेव येतात, फिरलेलं देऊळ येतं. मागच्या रांगेत जे बसलेत ते आठवड्यातले काही दिवस रात्रीच शेतात असतात, कारण मोटारीला लाईट रात्रीचीच मिळते. बारा वाजता लाईट आली की उठायचं, बॅटरी घ्यायची, हरभऱ्याला पाणी सोडायचं आणि दंडाच्या कडेला बसून राहायचं. या जिल्ह्यात रात्रीचं आभाळ सगळ्यात जास्त वेळ कोणी बघितलं असेल तर यांनी. लाईट या शब्दाचा अर्थही त्यांच्याकडे वेगळा आहे: ती दिसत नाही, ती येते आणि जाते.

"उत्तरेच्या आभाळात," सर सुरू करतात.

मागच्या रांगेतला एक म्हातारा वर बघतो. उत्तरेला नाही, सरळ डोक्यावर. चंद्राभोवती मोठ्ठं गोल कडं पडलेलं असतं, आतल्या काठाला तांबूस, बाहेरून फिकट पांढरं. हात लांब करून बोटं ताणली तर चंद्रापासून काठापर्यंत एक वीत भरते. उंच ढगांतल्या बर्फाच्या स्फटिकांतून प्रकाश बावीस अंशांत वळतो म्हणून ते तेवढंच भरतं. म्हाताऱ्याला अंश माहीत नाहीत. त्याच्याकडे त्या कड्याला एक शब्द आहे, आणि तो धान्य मळायच्या जागेवरून आलेला आहे.

"खळं पडलंय की रे चांदाला!"

सगळं पटांगण वर बघतं. खळं म्हणजे पाऊस आला. सोयाबीन कापून वावरात सुड्या लावलेल्या, त्यातल्या निम्म्या उघड्या.

"सर, तुमची बी सुडी उघडीच हाय ना?"

"हिरवा पडदा..." सर म्हणतात आणि माईक ठेवतात. पाच मिनिटांत पटांगणात कढई, संयोजक आणि मागे राहिलेला नंदी एवढेच उरतात. मोटारसायकलींचे दिवे एकामागून एक शिवाराकडे निघतात. बांधावर पोचेपर्यंत खळं अजून ठळक झालेलं असतं. सर सुडीवर चढतात, मुलगा खालून ताडपत्रीचं टोक धरतो, आणि नेमकी तेव्हाच सरांना चौथी ओळ सुचते, अख्खी, यमकासकट. पण दोन्ही हात दोरीला गुंतलेले, आणि वही डिकीत.